वेगमर्यादा (महाराष्ट्र)

सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहनाने ओलांडू नये असा, कायद्याने ठरवून दिलेला कमाल वेग. कायद्यात किमान वेग ठरवण्याचीही तरतूद आहे, पण रोजच्या बोलण्यात वेगमर्यादा म्हणजे कमालच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ प्रमाणे वाहनाच्या प्रकारानुसार कमाल वेग केंद्र सरकार ठरवते; एखादा रस्ता, पूल किंवा परिसर पाहून तो आणखी खाली आणण्याचा अधिकार राज्याला आहे. त्यामुळे महाराष्ट्रात गाडी किती वेगाने हाकता येते, याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. केंद्राचा तक्ता, रस्त्याकडेचा फलक आणि गाडीत बसवलेले यंत्र यांपैकी जो आकडा सर्वांत लहान, तो चालकाचा.

१९३९ च्या जुन्या कायद्यात कमाल वेग कायद्याच्याच आठव्या परिशिष्टात छापलेले होते. १९८८ च्या कायद्याने ते परिशिष्ट काढून आकडे अधिसूचनेवर सोपवले. रस्ते सुधारले, गाड्या बदलल्या, की संसदेत न जाता मर्यादा बदलता यावी, ही सोय त्यातून झाली.

सध्याच्या आकड्यांचा आधार म्हणजे ६ एप्रिल २०१८ ची केंद्रीय अधिसूचना. चालकाखेरीज आठपर्यंत प्रवासी नेणाऱ्या मोटारीला द्रुतगती मार्गावर ताशी १२० किमी, दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून रुंद रस्त्यावर १००, आणि महापालिका हद्दीत व इतर रस्त्यांवर ७० अशी तिची उतरती भाजणी आहे. बसना त्याच क्रमाने १००, ९० आणि ६०. मालवाहू वाहनांना द्रुतगती आणि चौपदरी अशा दोन्ही रस्त्यांवर ८०, अन्यत्र ६०. रस्ता कितीही मोकळा असला तरी ट्रकला ८० च्या वर परवानगी नाही. मोटारसायकललाही हेच आकडे लागू. रिक्षाला ५०. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका प्रकरणात ही अधिसूचना रद्द ठरवली आणि २०१४ च्या, कमी वेगाच्या आकड्यांकडे परत जाण्यास सांगितले. तरीही डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला, तेव्हा मोटारींना मर्यादा १२० चीच होती.

समृद्धीची आखणी सपाट भागात ताशी १५० किमी वेग गृहीत धरून झालेली आहे. मर्यादा त्याच्या ३० खाली. वळणाचा बाक, चढ, पुढचे दिसण्याचे अंतर यांचा हिशेब करून अभियंता रस्ता बांधतो, पण कायद्याला झिजलेला टायर आणि डुलकी लागलेला चालकही धरावा लागतो. शिवाय त्याच रस्त्यावर १२० ची मोटार आणि ८० चा ट्रक शेजारी-शेजारी धावतात. ट्रकने डावी मार्गिका सोडली, की मागून येणाऱ्या मोटारीला ताशी ४० किमीचा फरक काही क्षणांत मोडावा लागतो. मर्यादांच्या तक्त्याचे यश मार्गिकेच्या शिस्तीवर अवलंबून आहे आणि ती शिस्त आपल्याकडे अजून रुजायची आहे.

राज्याच्या अधिकाराचे सर्वांत परिचित उदाहरण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे. केंद्राच्या तक्त्याप्रमाणे तिथे मोटारीला १२० चालले असते. प्रत्यक्षात सपाट भागात १०० ची मर्यादा लावली गेली, आणि बोरघाटात बराच काळ ५० चा फलक होता. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना ट्रकचालक इंधन वाचवायला गाडी न्यूट्रल करतो, ब्रेक तापतात आणि निकामी होतात. घाटातल्या आकड्यामागे हे कारण आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर मोटारींना १००, मात्र चढता-उतरता ४०. या दोन्ही ठिकाणी मोटारसायकल आणि रिक्षा यांना मुळात प्रवेशच नाही. द्रुतगती मार्गासाठी मोटारसायकलचा ८० हा आकडा म्हणून इथे केवळ कागदावर राहतो.

अशी मर्यादा लावायची तर राज्याला राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि रस्त्यावर फलक उभारावा लागतो: पांढऱ्या चकतीवर लाल कडे आणि आत काळा आकडा. बंधन महिनाभरापेक्षा जास्त काळ राहणार नसेल, तर अधिसूचनेची गरज नाही. रस्त्याचे काम चालू असताना दिसणारे तात्पुरते फलक बहुधा याच सवलतीत बसतात.

व्यापारी वाहनांना फलकाखेरीज यंत्राचाही लगाम असतो. स्पीड गव्हर्नर (वेगनियंत्रक) बहुतेक प्रवासी व मालवाहू वाहनांना ८० वर अडवतो; शाळेच्या बस, टँकर आणि डंपर यांना ६० वर. रुग्णवाहिका, अग्निशमन बंब आणि पोलिसांच्या गाड्या यातून वगळल्या आहेत.

वेग ओलांडल्यास कलम १८३ लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये, मध्यम व जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. पुन्हा सापडल्यास परवाना जप्त होऊ शकतो. ही वाढ महाराष्ट्राने लगेच स्वीकारली नाही, ती डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाली. एकट्या साक्षीदाराला गाडी ‘फार वेगात वाटली’ एवढ्यावर शिक्षा होत नाही. त्याचा अंदाज यंत्राच्या नोंदीवर उभा असावा लागतो. म्हणून स्पीडगन, म्हणून कॅमेरे. कॅमेऱ्याच्या टापूआधी इशाऱ्याचा फलक लावणे आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवणे नियमाने बंधनकारक आहे. फलक दिसताच ब्रेक दाबायचा आणि कॅमेरा मागे पडला की पुन्हा ॲक्सिलरेटर, हा खेळ त्यातूनच जन्माला येतो.

याच कलमात एक फारसे न वापरले जाणारे हत्यार आहे. चालकाबरोबर त्याला वेगात हाकायला लावणारा मालकही दंडास पात्र ठरतो. वेगमर्यादा न मोडता वेळेत पोहोचणे शक्यच नाही असे वेळापत्रक कोणी प्रसिद्ध केले, किंवा तसा हुकूम दिला, तर ते वेळापत्रकच त्याच्याविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा मानले जाते. रात्री निघालेली ट्रॅव्हल्स पहाटे अमुक वाजता पोहोचेल असे छातीठोकपणे सांगणाऱ्या तिकीट खिडकीवर हे कलम टांगायला हवे. व्यवहारात ई-चलान गाडीच्या क्रमांकावर फाटते आणि पैसे बहुधा चालकाच्या पगारातून कापले जातात.