ग्रामशिक्षण मोहिमेचे स्वयंसेवक

सातारा जिल्ह्यात १९५९ साली सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेचा विचार करताना साक्षर झालेल्या प्रौढांच्या व गावांच्या आकड्यांकडेच सहसा लक्ष जाते. ते स्वाभाविकही आहे. परंतु या आकड्यांमागे एक अधिक अवघड प्रश्न होता. दिवसभर शेतात राबलेल्या घरच्या वडीलधाऱ्यांना रात्री शाळेत आणावयाचे, कंदिलाच्या उजेडात त्यांच्याकडून अक्षरे गिरवून घ्यावयाची, आणि शेवटी साऱ्या कुटुंबांसह 'ग्रामगौरव समारंभ' घडवून आणावयाचा. एवढ्या कामाला विनावेतन माणसे मिळावयाची कोठून? प्रस्तुत लेखात या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

मोहिमेची मूळ कल्पना साधी होती. साक्षर करावयाचे ते एकेका व्यक्तीला नव्हे, तर अख्ख्या गावाला. प्राथमिक पाठ सुमारे चार महिन्यांत पुरा करावयाचा, आणि शिकविणाऱ्याने मानधन घ्यावयाचे नाही. गावातील प्राथमिक शिक्षक, वरच्या वर्गांतील विद्यार्थी व चार बुके शिकलेले ग्रामस्थ यांनी हे काम अंगावर घेतले. ग्रामदैवताच्या साक्षीने शपथ घेण्याची प्रथाही मोहिमेत होती. शपथ देवापुढे घेतली म्हणजे ती सरकारी परिपत्रकाची बाब राहत नाही, हे ज्याच्या ध्यानात आले त्याला गाव चांगले कळत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि शपथेने माणसे उभी राहिली, एवढेच म्हणणे अपुरे होईल. या मुलुखाला अशा कामाची सवय आधीच लागलेली होती. सातारा व सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी वाळवे, तासगाव, खानापूर व शिराळे हे तालुके १९४९ पर्यंत साताऱ्यातच मोडत असत; त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला, व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णा-वारणाकाठच्या याच पट्ट्यात भाऊराव पाटील यांचे कार्य रुजले. दूधगावच्या विद्यार्थी आश्रमात त्यांच्या कार्याचा आरंभ दिसतो. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, आणि १९२४ मध्ये तिचे केंद्र साताऱ्यास आले. वसतिगृहांतील मुलांच्या पोटासाठी मुष्टिफंड गोळा करण्यात येई. जात्यावर दळावयास बसताना बाईने मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावयाचे, आणि मुलांनी ते दारोदार फिरून आणावयाचे. आमच्या मते या प्रदेशातील शाळेचा पहिला स्वयंसेवक ही जात्यावरची बाईच होय. तिचे नाव कोणत्याही अहवालात नाही, परंतु शाळा हे आपल्या घरचे काम आहे ही समजूत तिच्या मुठीतून घरात शिरली.

१९३५ मध्ये साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय निघाले. पुढे खेर मंत्रिमंडळाच्या काळात, शाळा नसलेल्या खेड्यांत स्वयंसेवी शाळा काढण्याची योजना आली, तेव्हा रयत शिक्षण संस्थेने अशा पाचशेहून अधिक शाळा चालविल्या. १९४३ ते १९४६ या काळातील प्रतिसरकारच्या चळवळीने, गावाचे काम गावानेच करावयाचे, ही शिकवण याच खेड्यांना अधिक कठोर प्रसंगी दिली. भाऊराव ९ मे १९५९ रोजी निवर्तले. मोहिमेचा आरंभही त्याच वर्षीचा. हा योगायोग असला, तरी तयार जमीन कोणाची होती हे त्यावरून उमजते.

आता समारंभाविषयी. ग्रामगौरव हा केवळ शेवटचा उपचार नव्हता. माणसे मिळविण्याचे ते मोठेच साधन होते. ज्याच्या आईने वा सासऱ्याने चारचौघांपुढे उभे राहून वाचून दाखवावयाचे आहे, तो घरचा मुलगा शिकवावयास बसतो आणि सतरंज्या अंथरावयासही येतो. त्याला वेगळे बोलावणे लागत नाही. शिवाय शेजारच्या गावाचा समारंभ झाला की आपल्या गावालाही स्वस्थ बसवत नाही. जत्रेच्या वर्गणीला जी ईर्षा कामी येते, तीच येथे पाटीपेन्सिलीच्या कामी आली.

या यशाला एक काळी बाजू आहे, व ती झाकणे योग्य नव्हे. प्राथमिक शिक्षकाला 'स्वयंसेवक' म्हणताना किंचित अडखळावयास होते. दिवसाची शाळा सांभाळून रात्रीचा वर्ग घेणारा हा मनुष्य वरिष्ठांच्या इच्छेला नकार देऊ शकत होता काय? त्याचा उत्साह खोटा होता असे आमचे म्हणणे नाही. परंतु उत्साह आणि आज्ञा यांची सरमिसळ झालेली होती. दुसरे असे की, समारंभ संपला म्हणजे विद्यार्थी परीक्षेच्या मागे लागत आणि ग्रामस्थ सुगीच्या. पाठपुराव्यासाठी फिरत्या ग्रंथालयांची सोय योजिलेली होती, पण पुस्तके वाचून घेणारा माणूस रोज लागतो, समारंभाला एकदाच लागतो. पुष्कळ नवसाक्षर पुन्हा अक्षरे विसरले, ही मोहिमेवरील सर्वांत गंभीर टीका होय.

मोहीम पुढे राज्याच्या अन्य जिल्ह्यांत नेण्यात आली, आणि १९७२ मध्ये तिला युनेस्कोचे क्रुप्स्काया पारितोषिक मिळाले. पारितोषिक मोहिमेला मिळाले. रात्री कंदिलाची काच पुसणारा सातवीतला मुलगा कोण होता, हे शोधावयाचे असल्यास वाळवे व कऱ्हाड तालुक्यांतील जुन्या शाळांची शेरेबुके आणि त्या वर्गांत बसलेल्यांच्या मुलानातवांच्या आठवणी यांकडे वळावे लागेल.