तळटीप : ग्लेनको

१२. एडिंबरोहून सकाळी आठच्या सुमारास निघणाऱ्या सहलीच्या बस लॉख नेसपर्यंत जाऊन रात्री आठच्या आसपास परततात. ग्लेनकोच्या वाट्याला येतो तो फोटोपुरता थांबा. (डिसेंबरात जाऊच नये, चारच्या आत सूर्य मावळतो.) याच खोऱ्यात १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे, जवळपास दोन आठवडे मॅक्डोनाल्ड कुळाचा पाहुणचार झोडलेल्या सरकारी सैनिकांनी यजमानांचीच कत्तल केली. अडतीसेक जण मारले गेले. बर्फात पळालेले कित्येक थंडीने गेले. तुकडीचा प्रमुख कॅम्पबेल होता, म्हणून सारे खापर त्या कुळावर फोडण्याची रीत पडली. हुकूम मात्र राजा विल्यमच्या सहीचा होता. तिथल्या क्लॅखेग इनमधली ‘फेरीवाले व कॅम्पबेल यांना मज्जाव’ ही पाटी थट्टेची समजावी. — संपा.