शिलेखान्यातल्या बंदुका

खंडेनवमीला शस्त्रांना गंधफूल वाहायचे आणि दुसऱ्या दिवशी सोने लुटायचे, ही आपली रीत. पण लढाया संपल्यावर फौजांची जुनी शस्त्रे जातात तरी कुठे? काही भट्टीत वितळतात, काही गंजतात आणि काही थेट सातासमुद्रापार जातात. अशाच एका प्रवासाची ही हकिगत.

काठमांडूतला लगन सिलेखाना नावाचा जुना राजवाडा नेपाळी फौजेचे शस्त्रकोठार म्हणून वापरला जाई. वाचकांना हा शब्द परका वाटू नये. आपला 'शिलेदार' त्याच घराण्यातला. या कोठारात सुमारे ५०,००० जुन्या बंदुका धुळीत आणि वाळून घट्ट झालेल्या वंगणात पडून होत्या. ख्रिश्चन क्रॅनमर नावाच्या व्यापाऱ्याने त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि अखेर २००३ मध्ये अमेरिकेतल्या दोन पेढ्यांनी तो साठा विकत घेऊन जहाजांनी आपल्या देशी नेला.

काय नव्हते त्यात! ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या चकमकीच्या बंदुका, ठासणीच्या एन्फील्ड, त्यांना मागून काडतूस भरण्याची सोय करून बनवलेल्या स्नायडर आणि १८७१ मध्ये इंग्रजी फौजेने स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री. १८१६ च्या सुगौलीच्या तहापूर्वी गुरखे इंग्रजांशी लढले. १८५७-५८ मध्ये मात्र जंगबहादूर राणा आपली फौज घेऊन इंग्रजांच्या मदतीस लखनौवर चालून गेला. दैवाचा खेळ असा की, पराभवानंतर नानासाहेब पेशव्यांना त्याच जंगबहादुराच्या मुलखात, नेपाळच्या तराईत, शिरावे लागले.

मैत्री झाली तरी नव्या बंदुका देताना इंग्रजांचा हात आखडताच असे. तेव्हा वीर शमशेर राणाच्या कारकिर्दीत त्याचा मुलगा जनरल गहेंद्र शमशेर याने स्वदेशी बंदूक तयार करवली. बाहेरून ती मार्टिनीची बहीण दिसते, आतली यंत्ररचना मात्र निराळी. एकेक भाग कारागिरांनी हाताने घासून बसवलेला. त्यामुळे एका बंदुकीचा भाग दुसरीला लागेलच असे नाही. अमेरिकन गार्डनर तोफेवरून त्याने दोन नळ्यांची, हाताने फिरवायची 'वीर' तोफही घडवली.

आता गंमत पाहा. अमेरिकेत एखादा हौशी माणूस अशी बंदूक घरी आणतो आणि चिंध्या घेऊन खरवडायला बसतो. वंगणाखालून अक्षरे वर येतात ती देवनागरी! आपली पोरे पाटीवर गिरवतात तेच आकडे तो सायबाचा पोर शिकतो. साल असते विक्रम संवताचे. त्यातून ५६-५७ वर्षे वजा केली की इसवी सन हाती येतो. हा नुसता छंदही नव्हे. १८९८ अखेरपर्यंत बनलेली बंदूक तिथल्या संघराज्याच्या कायद्याने पुराणवस्तू ठरते, म्हणून सालाला मोल आहे. मात्र हातघडणीची ही बंदूक बार काढण्यास सुरक्षित नाही, असे जाणते लोक बजावतात. ती भिंतीवरच शोभते.

एका देशाचा इतिहास असा दामाजीपंतांच्या मोबदल्यात परदेशी जावा, याची खंत कोणालाही वाटेल. हजारो बंदुका एका कोठारात एकत्र असताना त्या एका फौजेची कहाणी सांगत होत्या. घरोघर विखुरल्यावर प्रत्येकीपाशी त्या कहाणीची एकेकच ओळ उरली. पण कोठारात त्या ओळी तरी कोण वाचत होते? परक्या घरी का होईना, कोणीतरी दिव्याखाली ते आकडे लावतो आहे. त्या पोलादावर सेनापतीचे नाव राहिले. ते घासून बसवणाऱ्या लोहाराचे राहिले नाही. त्याच्या कानशीच्या खुणा मात्र अजून बोटाला लागतात.