एका फडातले साठे आणि शेख

१ ऑगस्टला आमच्या रहाटणीत अण्णाभाऊ साठे जयंतीचे फलक लागतात. त्यांवर अमर शेखांचे नाव मला अजून दिसलेले नाही. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. त्यांनी, अण्णाभाऊंनी आणि द. ना. गव्हाणकरांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले.

त्याआधीच, १९४३ मध्ये, अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला होता. लढाई हजारो मैलांवर, शाहीर मुंबईच्या कामगार वस्तीत! पोवाडा रशियन भाषेत गेला. शाहीर स्वतः पोचले १९६१ मध्ये. शाळेत जेमतेम पाऊल टाकलेल्या या माणसाने तो प्रवास लिहून ठेवला. ‘माझा रशियाचा प्रवास’ जरूर वाचा. मॉस्को, लेनिनग्राड, बाकू, ताश्कंद आणि ज्याच्यावर गायले ते स्टालिनग्राडही. चिरागनगरच्या झोपडीतून गेलेल्या माणसाला तिथले फुटपाथ पाहायचे होते. अर्थात पाहुण्याला दाखवले तेवढेच त्यांना दिसले. स्टालिनच्या छळछावण्या त्या पुस्तकात शोधू नयेत.

पण सलोख्याचे गाणे त्यांनी परदेशात शिकलेले नव्हते. फाळणीच्या रक्तपातावर त्यांनी ‘पंजाब-दिल्लीचा दंगा’ हा पोवाडा लिहिला. शेजारी शेजाऱ्याचा गळा कापत होता त्या दिवसांत साठे आणि शेख एकाच फडात उभे राहून गात होते. १९६९ मध्ये १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, २९ ऑगस्टला अमर शेख.