तिला खेळण्यातली गाडी म्हणू नका

पावसाची उघडीप मिळाली की पनवेलहून पूर्वेकडे माथेरानचा डोंगर स्वच्छ दिसतो. दरवेळी थोडा हेवा वाटतो. तिथे १९०७ सालीच आगगाडी चढली, आणि आम्हा सपाटीवरच्या पनवेलकरांना मात्र १९६०च्या दशकापर्यंत थांबावं लागलं!

त्या गाडीला सगळे 'टॉय ट्रेन' म्हणतात. मला ते पटत नाही. आदमजी पीरभॉय घराण्याने पदरचा पैसा घालून तो मार्ग बांधला. सर्वांना ठाऊक आहे ते एवढंच. मला भुरळ घातली ती इंजिनाने.

मोठ्या इंजिनामागे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा असतो. पण लंडनच्या उपनगरी गाड्यांना जी इंजिनं जोडत, त्यांच्या पाण्याच्या टाक्या अंगावरच असत. त्यामुळे शेवटच्या स्थानकावर इंजिन फिरवत बसायला नको, उलटंही धावतं. शिवाय पाण्याचं वजन चाकांवर पडून पकड वाढते. लंडनला पहिल्या गुणाचं मोल, आणि आपल्या घाटात दुसऱ्याचं, कारण चढ वीस फुटांत एक फूट! (गोम एवढीच की पाणी संपत गेलं की वजनही घटतं.)

खरी पंचाईत वळणांची. रूळ फक्त दोन फुटी, आणि काही वळणांची त्रिज्या जेमतेम १८ मीटर. सहा चाकांचं ताठ इंजिन तिथे अडकलंच असतं. बार्शी लाइट रेल्वेवाल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या रचनेत यावर छान तोड होती. पुढच्या-मागच्या चाकांचा आस पोकळ, त्याच्या आत दुसरा भरीव आस, आणि मध्ये गोलाकार सांधा. आतला आस सरळ राहून फिरतो, बाहेरचा चाकांसकट वळणाकडे किंचित कलतो. अशी चार इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने बनवली. नाव इंग्रजांचं, घडण जर्मन, रूळ आपल्या डोंगरावर!

मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला विजेची लोकल धावली आणि वाफेची सद्दी ओसरू लागली. माथेरानला मात्र ही इंजिनं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत धापा टाकत राहिली. पुढे डिझेल आलं. त्या चारांतलं एक इंग्लंडला गेलंय. तिथले हौशी लोक त्याला कुणी खेळणं म्हणत असतील असं वाटत नाही.