शिवलेली छाती आणि हातातली लाठी

धागा थोडा लांबणार आहे. सवडीने वाचावा.

हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने लाठी हाती धरावी काय? प्रश्न माझ्या काकांचा. ते चंद्रपूरचे. सारी उमेद कोळशाच्या खाणीतील पाळ्यांत गेली, त्यामुळे आखाड्याचे तोंड कधी पाहिले नाही. एकसष्टाव्या वर्षी नागपुरात बायपास झाली. घरी आल्यावर गल्लीतील मुले मैदानात लाठी शिकताना ते रोज खिडकीतून पाहू लागले आणि चौथ्या महिन्यात एका सकाळी म्हणाले, ‘मले बी शिकाची हाय.’ घरात जो हलकल्लोळ झाला तो सांगण्याचे कारण नाही. काकूंनी पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांना उचलू न देण्याचा नेम केला होता.

काकूंची भीती त्यांची एकटीची नव्हती. वैद्यकशास्त्रानेच जवळजवळ अर्धे शतक ती जगाला शिकवली. इतिहास तेथून सुरू होतो.

१९१२ साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी दाखवून दिले की हृदयाच्या धमनीत गुठळी अडकली म्हणजे मृत्यू अटळ असतो असे नाही. रुग्ण वाचू शकतो. शोध मोठा होता. त्याच्या जोडीने सल्ला आला तो अंथरुणावरील संपूर्ण विश्रांतीचा. पुढे १९३९ मध्ये पॉल डडली व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवविच्छेदनांवरून असे मांडले की हृदयाच्या स्नायूवरील जखम भरून निघायला साधारण सहा आठवडे लागतात. झाले! जखमेला सहा आठवडे, म्हणून माणसालाही सहा आठवडे खाट. कित्येक रुग्णालयांत रुग्णाने स्वतःच्या हाताने जेवू नये, दाढी करू नये, कूस बदलायची तर परिचारिकेने बदलावी, इथपर्यंत मजल गेली. या सक्तीच्या शयनाने पायांच्या शिरांत गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जात आणि हृदयातून वाचलेला माणूस विश्रांतीने दगावे.

१९५२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युएल लिव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी ८१ रुग्णांना खाटेऐवजी आरामखुर्चीत बसवले. केवळ बसवले! तरीही सहकारी डॉक्टरांचा विरोध मोठा होता. हेच लाउन पुढे अण्वस्त्रविरोधी डॉक्टरांच्या ज्या संघटनेचे सहसंस्थापक झाले, तिला १९८५ चे शांततेचे नोबेल मिळाले. २४ सप्टेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला आणि सल्लागार म्हणून आले ते पॉल डडली व्हाइटच. स्वतः सायकलीचे भोक्ते असलेल्या व्हाइट यांचे मत आता पालटत चालले होते. अध्यक्ष काही महिन्यांत गोल्फच्या मैदानावर परतले आणि पुढल्या वर्षी निवडणूकही जिंकले. एका पुढाऱ्याच्या चालण्याने जे साधले ते शंभर निबंधांनी साधले नसते.

याच सुमारास लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर जेरी मॉरिस यांनी केलेली पाहणी प्रसिद्ध झाली होती (१९५३). दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. आणि १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवण्यात आले. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा असे दिसले की तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांची दमाची क्षमता जेवढी घटली, त्याहून अधिक ती त्या तीन आठवड्यांच्या निजण्याने घटली होती. काकूंना हा प्रयोग मी सांगितला. त्यांनी ऐकून घेतले आणि तांब्या स्वतःच्याच हातात ठेवला.

आता आपल्या मातीकडे वळू.

मराठी आखाड्याची परंपरा आपण पेशवाईच्या उत्तरकाळापासून सांगतो. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर आणि त्यांनी नावारूपास आणलेला मल्लखांब यांची कथा अनेकांना ठाऊक असेल. पुढे बडोद्याला जुम्मादादांचा आखाडा आणि त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव, इकडे विदर्भात १९१४ साली अमरावतीस वैद्य बंधूंनी उभारलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. लाठी, बोथाटी, दांडपट्टा, फरीगदगा, लेझीम हे सारे या व्यायामशाळांतून गावोगाव गेले. चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूरने १९४२ च्या ऑगस्टमध्ये जो उठाव केला, त्यामागे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने होती. त्यांनी पुढे ‘ग्रामगीते’त ग्रामआरोग्यासाठी स्वतंत्र अध्याय लिहिला. शरीर कमावणे ही त्या पिढीला देशसेवाच वाटे.

तथापि या सगळ्या परंपरेत एक उणीव होती, आणि ती मोकळेपणाने मान्य करायला हवी. आखाडा तरुणाचा आणि निरोग्याचा. वस्ताद मोडलेले हाड बसवी, मुरगळलेला पाय चोळी. माणिकरावांची तर हाडवैद्य म्हणून ख्याती होती. परंतु ज्याचे काळीजच दुखावले आहे अशा माणसाला मातीत उतरवायचे कसे, याचा विचार तेथे झालेला नव्हता.

तो ज्या माणसाने केला तो त्याच आखाड्यातून आला होता. जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३. १९०७ ते १९१० या काळात ते माणिकरावांकडे बडोद्याला शिकले. पुढे मालसरच्या माधवदासजींकडे योग. काही काळ अमळनेरला अध्यापन. हेच स्वामी कुवलयानंद. योगाने शरीरात नेमके काय घडते ते मोजून पाहिले पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. बडोद्याच्या सरकारी रुग्णालयातील क्ष-किरण यंत्रापुढे त्यांनी नौली करणारे साधक उभे केले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले आणि त्यात १९२६ मध्ये सर्वांगासन व मत्स्यासन करताना रक्तदाब किती चढतो याच्या प्रयोगांची नोंद प्रसिद्ध झाली. आसन कोणाला द्यावे, कोणाला देऊ नये, हा प्रश्न श्रद्धेच्या कक्षेतून काढून त्यांनी पाऱ्याच्या नळीपुढे ठेवला. माझ्या मते या धाग्यातील खरा नायक तोच.

या वृत्तीला १९५७ मध्ये एक विलक्षण पुरवणी मिळाली. वेंगर आणि बागची हे दोन संशोधक अमेरिकेहून भारतात आले आणि हृदय थांबवून दाखवतो म्हणणाऱ्या योग्यांना त्यांनी विद्युतआलेखाच्या तारा जोडल्या. दिल्लीचे डॉ. आनंद त्यांच्या सोबत होते. १९६१ मध्ये निष्कर्ष छापून आले: हृदय थांबत नव्हते. श्वास कोंडून छाती व पोटाचे स्नायू आवळल्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त घटे. मनगटावरची नाडी लागेनाशी होई, स्टेथोस्कोपला ठोके ऐकू येत नसत, आलेखावर मात्र हृदय चालूच असे.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. श्वास कोंडून जोर लावणे हेच हृदयरुग्णाचे आखाड्यातील सर्वांत मोठे संकट. जड मुद्गल उचलताना, कुस्तीत जोडीदाराला रेटताना, अगदी शेवटचा जोर काढतानाही माणूस नकळत श्वास धरतो. त्या क्षणी रक्तदाब उसळतो आणि श्वास सुटताच खाली-वर होतो. निरोग्याला ते पेलते. म्हणून शहाणा शिक्षक अशा शिष्याला पहिली गोष्ट शिकवतो ती हात नव्हे, श्वास. लाठीच्या प्रत्येक फिरकीबरोबर तोंडाने मोठ्याने अंक मोजायला लावला की श्वास कोंडणे अशक्य होते. जुने वस्ताद मुलांना अंक मोजायला लावत ते तालासाठी. रुग्णाला त्याचा दुहेरी लाभ.

शस्त्रक्रियेचा इतिहास आता थोडक्यात उरकतो. १९५३ मध्ये गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साह्याने उघड्या हृदयावर शस्त्रक्रिया यशस्वी केली. १९६७ मध्ये क्लीव्हलंड येथे फावालोरो यांनी पायातील शीर वापरून बायपासची पद्धत रुजवली. १९७७ मध्ये झुरिच येथे ग्रुएंट्झिग यांनी फुग्याने धमनी उघडली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्र. कु. सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत, म्हणजे जगातील पहिल्या प्रत्यारोपणानंतर अडीच महिन्यांच्या आत, हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण वाचला नाही, परंतु धाडस विसरण्याजोगे नाही.

बायपासमध्ये छातीचे मधले हाड उभे कापतात आणि शेवटी पोलादी तारेने शिवतात. ते सांधायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर लाठी तर दूरच, जड बादलीही नको. भामरागडच्या रानात ज्याचा हात धनुष्यावर बसलेला आहे, अशा माणसाला तर हे विशेष सांगावे लागेल. कारण धनुष्य ओढताना दोन्ही हात विरुद्ध दिशांना ताणले जातात आणि सारा ताण त्या शिवलेल्या हाडावर येतो. ज्यांना धातूची झडप बसवली आहे त्यांना रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घ्यावे लागते. त्यांनी एकट्याने लाठी फिरवावी, पण फटका खाण्याचा खेळ खेळू नये. आणि ठोके आवरणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नाडी मोजून श्रम जोखता येत नाहीत. खेळताना सलग एक वाक्य बोलता आले पाहिजे, ही साधी कसोटी अधिक भरवशाची. आरंभ मात्र हृदयरोगतज्ज्ञाने चाचणी घेऊन होकार दिल्यावरच.

युद्धकलेने खरोखर लाभ होतो काय? तैवानमध्ये १९९९ साली बायपास झालेल्या रुग्णांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ताई-ची ही चिनी युद्धकला वर्षभर करणाऱ्या नऊ जणांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे दहा टक्क्यांनी वाढली. नऊ म्हणजे फारच थोडे. २०११ मध्ये अमेरिकेत हृदय दुर्बळ झालेल्या शंभर रुग्णांवर प्रयोग झाला तेव्हा चालण्याचे अंतर वाढले नाही, पण जगण्याची गोडी वाढली. आपल्याकडे २४ केंद्रांवर ३,९५९ रुग्णांना घेऊन झालेल्या योगाधारित पुनर्वसनाच्या चाचणीचे (२०२०) फलितही याच जातीचे: मृत्यू वा पुढचे झटके निःसंशय घटले असे सिद्ध झाले नाही, परंतु रुग्णांना स्वतःची प्रकृती अधिक चांगली वाटली आणि ते नित्याच्या कामांना अधिक प्रमाणात परतले. समाजमाध्यमांवर ‘अमुक आसनाने ब्लॉकेज गायब’ असे जे फिरते, त्याला यातून आधार मिळत नाही.

या जंगलपट्ट्यात हा प्रश्न शहरी चोचला नाही. गडचिरोलीच्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या दोन वर्षांतील मृत्यूंची ‘सर्च’ संस्थेने पाहणी केली. पक्षाघात हे मृत्यूचे पहिले कारण निघाले. दर शंभरात चौदांहून अधिक मृत्यू त्याने झाले होते. धमन्यांचा आजार भातशेती करणाऱ्यालाही सोडत नाही. गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर; सिरोंच्याच्या माणसाला आधी गडचिरोली गाठायलाच कित्येक तास. शस्त्रक्रिया करून तो परततो तेव्हा त्याच्या हाती एक कार्ड असते आणि त्यावर ‘नियमित व्यायाम करा’ एवढी ओळ.

ती ओळ जगून पाहणारा माणूस याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’चे काम येथे सुरू केले. नवजात अर्भकांच्या घरोघरच्या उपचारांवरील त्यांचा १९९९ चा निबंध जगभर गाजला. त्याआधीच डॉ. अभय बंग यांना ऐन चाळिशीत हृदयविकाराने गाठले होते. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे त्यांचे पुस्तक मराठी घराघरांत पोचले. अमेरिकेच्या डीन ऑर्निश यांनी १९९० मध्ये ४८ रुग्णांवर केलेली चाचणी त्यांना वाटाड्या ठरली. आहार, चालणे, योग आणि ध्यान यांनी वर्षभरात धमन्यांतील अडथळा सरासरी ४० टक्क्यांवरून ३७.८ टक्क्यांवर आला, तर नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांचा वाढला. आकडा लहान आहे. दिशा मात्र उलटी फिरली होती. बंग यांचा मार्ग आखाड्याचा नव्हे, चालण्याचा, योगासनांचा आणि ध्यानाचा. तरी रुग्णाने आपल्या शरीराचा अभ्यास स्वतः करायचा असतो, हे कुवलयानंदांचे सूत्र मला तेथेच पुन्हा भेटले.

एक गोष्ट मध्येच बोलून टाकतो. या इतिहासात स्त्रिया फार थोड्या दिसतात. पुरुषाची बायपास झाली की घर त्याला हलू देत नाही; बाईची झाली की महिनाभराने ती चुलीपुढे असते आणि तिचा तो श्रम कोणी व्यायाम म्हणून मोजत नाही, विश्रांती म्हणून थांबवतही नाही. तिला कोणी लाठी शिकशील का असे विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

काकांचे पुढे काय झाले, असे आता विचाराल. डॉक्टरांनी ट्रेडमिलवर चालवून पाहिले आणि सहा महिन्यांनंतरची परवानगी दिली. मुलांच्या वस्तादांनी त्यांना पाच हाती लाठी दिली नाही. हलका वेत दिला. पहिला महिना नुसते पवित्रे आणि चाल. आता ते पहाटे मैदानाच्या कडेला उभे राहून वेत फिरवतात आणि खणखणीत आवाजात अंक मोजतात. काकू पलीकडच्या ओट्यावर बसलेल्या असतात. अंक थांबला की त्या उठून उभ्या राहतात.