ड्रॉइंग बोर्डापासून सॉलिड मॉडेलपर्यंत

यंत्राचा भाग घडवण्याआधी त्याचा आकार नेमका मांडावा लागतो. सांगली जिल्ह्यात हे काम दीर्घकाळ ड्रॉइंगच्या कागदावर झाले. १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर त्याआधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवत. सांगलीच्या विश्रामबाग भागात धोंडूमामा साठे यांनी १९४७ साली न्यू इंजिनिअरिंग कॉलेज स्थापन केले. १९५५ मध्ये ते वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झाले आणि स्थापत्याच्या जोडीला यांत्रिकी शाखा आली.

त्या काळी पंपाचे कवच ओतायचे, तर त्याचे समोरून, वरून आणि बाजूने दिसणारे रूप कागदावर काढले जाई. पॅटर्न करणारा कारागीर ही तीन रूपे मनात जुळवून लाकडाचा पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, घडवी. थंड होताना बीड साधारण एक टक्का आकसते, म्हणून तो मापे तेवढी वाढवी. पॅटर्न वाळूतून अलगद निघावा यासाठी बाजूंना उतार देई आणि आतल्या पोकळीसाठी वेगळी कोअर-पेटी करी. पूर्ण आकार प्रथम उभा राही तो या कारागिराच्या हाती. ड्रॉइंग वाचताना चूक झाली, तर ती अनेकदा ओतीव भाग तयार झाल्यावरच कळे.

१९६३ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सादर केली आणि रेषा संगणकाच्या पडद्यावर आल्या. पण नुसत्या कडांच्या तारजाळीवरून भाग कुठे भरीव आहे आणि कुठे पोकळ, हे निश्चित सांगता येत नाही. त्यामुळे वजन काढता येत नाही आणि छेदही घेता येत नाही.

सत्तरच्या दशकात यावर दोन उत्तरे पुढे आली. रॉचेस्टर विद्यापीठात हर्बर्ट व्होल्कर आणि अॅरिस्टाइडिस रेक्विचा यांनी ठोकळा, दंडगोल अशा मूळ घनाकृतींची बेरीज, वजाबाकी आणि छेद करून आकार रचण्याची पद्धत मांडली. ठोकळ्यातून दंडगोल वजा केला की छिद्र तयार होते. केंब्रिजमध्ये इयन ब्रेड यांच्या ‘बिल्ड’ प्रणालीने पृष्ठे, कडा, कोपरे आणि त्यांचे परस्परसंबंध नोंदवून घनाची सीमा पक्की केली. ही नोंद सुसंगत आहे का, हे ऑयलरच्या सूत्राने तपासता येते. ठोकळ्याचे ८ कोपरे वजा १२ कडा अधिक ६ पृष्ठे म्हणजे २. आरपार छिद्र असलेल्या आकारांसाठी हेच सूत्र विस्तारून वापरतात. दोन्ही पद्धतींत कोणताही बिंदू आकाराच्या आत आहे, बाहेर आहे की सीमेवर, याचे एकच उत्तर मिळते. अशा मांडणीलाच सॉलिड मॉडेल म्हणतात.

सुरुवातीला या प्रणालींना महागडे संगणक लागत. १९८८ मध्ये आलेल्या ‘प्रो-इंजिनिअर’ने मापे आणि आकार एकमेकांना बांधले, त्यामुळे एक माप बदलले की त्यावर अवलंबून असलेला सारा आकार बदलू लागला. १९९५ च्या ‘सॉलिडवर्क्स’ने सॉलिड मॉडेलिंग विंडोजच्या साध्या संगणकावर आणले आणि ते लहान उद्योगांच्याही आवाक्यात आले. महाराष्ट्रही या क्षेत्रात केवळ ग्राहक राहिला नाही. ‘जिओमेट्रिक’ या मुंबईच्या कंपनीने भूमितीवर आधारित सॉफ्टवेअर घडवले आणि २००२ मध्ये फ्रान्सच्या दासो सिस्टिम्ससह संयुक्त कंपनी उभारली. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी ‘ऑटोकास्ट’ हे सॉफ्टवेअर विकसित केले. भागाच्या त्रिमितीय मॉडेलवरून धातू कुठे शेवटी गोठेल आणि गोठताना कमी पडणारा धातू पुरवणारा फीडर कुठे हवा, हे ते ओतण्याआधीच दाखवते.

आज एकाच मॉडेलवरून वजन काढता येते, संगणक-नियंत्रित (सीएनसी) यंत्रावर हत्याराचा मार्ग आखता येतो आणि पॅटर्नही कोरता येतो. आकसण्याची सूट, बाजूंचा उतार आणि कोअरची जागा मात्र अजूनही जाणत्या माणसालाच ठरवावी लागते. सॉलिड मॉडेलने हे ज्ञान हद्दपार केले नाही. पूर्वी पॅटर्नच्या लाकडात उतरणारा निर्णय आता धातू वितळण्याआधी डिझायनर, पॅटर्नवाला आणि फाउंड्रीवाला एकत्र तपासू शकतात.